म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय अधू होऊ लागले तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डसारखा मोठ्या जातीचा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला, किंवा पॉमेरेनियन, डॅशहाऊंड अथवा आपला गावठी कुत्रा दहा-अकराच्या पुढे गेला, की मागच्या पायांच्या तक्रारी डोके वर काढू लागतात. उठताना दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, सोफ्यावरची उडी चुकते, गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात. अशा वेळी घरच्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. औषधांची मात्रा मुद्दामच कोठेही दिलेली नाही. ती कुत्र्याचे वजन आणि त्याच्या मूत्रपिंडांची स्थिती पाहून पशुवैद्यकानेच ठरवायची असते.

वय झाले की पाय थकणारच. मग डॉक्टरांकडे नेऊन काय उपयोग?

म्हातारपण हे निदान नव्हे. ‘आता वय झाले’ असे म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी कुत्र्यांना प्रत्यक्षात सांधेदुखी असते, आणि सांधेदुखीवर चांगले उपचार उपलब्ध आहेत. मागचे पाय अशक्त होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांध्यांची झीज. मोठ्या जातींमध्ये खुब्याची खोबण मुळातच उथळ असण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. तरुणपणी बळकट स्नायूंमुळे तो झाकलेला राहतो आणि स्नायू रोडावले की उघडा पडतो. गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्याने आलेले लंगडणे पुष्कळदा ‘म्हातारपणाचे’ समजले जाते. दुसरा गट पाठीच्या कण्याचा आहे : मणक्यांमधील चकती सरकणे, कमरेच्या शेवटच्या मणक्यापाशी मज्जातंतूंवर दाब येणे, किंवा मज्जारज्जूचाच हळूहळू ऱ्हास होणे.

याशिवाय ज्यांचा पायांशी थेट संबंध नाही असेही आजार पायांतूनच प्रकट होतात. थायरॉइड ग्रंथी मंदावणे, हृदयविकार, प्लीहेवरील गाठ फुटून पोटात रक्तस्राव होणे ही त्यांतली काही कारणे. आपल्याकडे या यादीत गोचीड तापाला बरेच वरचे स्थान द्यायला हवे, कारण त्याने सांधे सुजतात, कुत्रा मागून ढेपाळतो आणि घरचे वयाला दोष देत बसतात. त्यावर साधारण चार आठवड्यांचा प्रतिजैविकांचा उपचार असतो आणि वेळेत सुरू केल्यास कुत्रा बहुधा पूर्ववत चालू लागतो. म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : भुंकण्याचा आवाज बदलला आहे, उन्हात श्वास घेताना घरघर होते, आणि त्याच सुमारास मागचे पायही डळमळू लागले आहेत, असे असेल तर या तिन्ही तक्रारी एकाच मज्जातंतुविकाराच्या असू शकतात. डॉक्टरांना तिन्ही एकत्र सांगाव्यात.

त्रास दुखण्याचा आहे की नसांचा, हे घरी ओळखता येते का?

पक्के निदान घरी होत नाही, पण अंदाज बांधता येतो आणि तो डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो. सांध्यांचे दुखणे असलेला कुत्रा झोपून उठल्यावर ताठरतो आणि थोडे चालल्यावर मोकळा होतो. थंडीत किंवा आदल्या दिवशी जास्त धावपळ झाली असल्यास तो अधिक लंगडतो. तो पाऊल नीट टाकतो, मात्र त्यावर भार देण्याचे टाळतो. मज्जातंतूंचा त्रास असलेल्या कुत्र्याचे पाऊल मात्र जागेवर पडत नाही. चालताना मागचे पाय एकमेकांत अडकतात, वळताना पार्श्वभाग एका बाजूला कलतो, पंजे जमिनीला घासतात. मागच्या पायांची मधली नखे वरच्या अंगाने झिजलेली दिसली, किंवा डांबरी रस्त्यावर चालताना फरफटल्याचा खरखर आवाज येऊ लागला, तर मज्जारज्जूची शंका घ्यावी.

एक साधी चाचणी आहे. कुत्र्याला चटईवर उभे करून त्याच्या पोटाखाली हाताचा आधार द्यावा आणि मागचा एक पंजा अलगद उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवावी. निरोगी कुत्रा पंजा क्षणात सरळ करतो. जो तो तसाच उलटा ठेवून उभा राहतो, त्याच्या मेंदूला पायाची जागा नीट कळत नाही.

दुखत असूनही कुत्रा सहसा ओरडत नाही, हे पालकांना पटवणे अवघड जाते. ‘रडत नाही, म्हणजे दुखत नसणार’ हा समज चुकीचा आहे. विनाकारण धापा टाकणे, रात्री जागा बदलत राहणे, एकच सांधा सतत चाटणे, कमरेला हात लावताच मान वळवणे, घरातल्या मुलांवर पूर्वी कधी गुरगुरला नसता आता गुरगुरणे, दाराची बेल वाजल्यावर उठून न येणे, ही सारी वेदनेची लक्षणे असू शकतात.

कोणत्या परिस्थितीत दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबू नये?

काही तासांत मागचे दोन्ही पाय लुळे पडले, लघवी अडली किंवा नकळत गळू लागली, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, मागचे पाय थंडगार लागू लागले, किंवा पोट फुगून कुत्रा कोसळला, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. चकती सरकून मज्जारज्जू दाबला गेला असेल आणि पायाच्या बोटाला जोरात चिमटा काढल्याची खोल वेदनाही कुत्र्याला जाणवत नसेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय तासांच्या हिशेबाने घ्यावा लागतो. वाहतुकीसाठी फळी, मोठा पाट किंवा ताणून धरलेली जाड चादर वापरावी आणि पाठ वाकणार नाही याची काळजी घ्यावी.

पहिल्या भेटीला जाताना काय तयारी करावी? कोणत्या तपासण्या होतात?

मोबाइलवर चित्रफीत घेऊन जावी. दवाखान्यात भीतीपोटी कुत्रा एरवीपेक्षा बरा चालतो आणि घरातली तक्रार तेथे दिसतच नाही, असे वारंवार घडते. मागून, बाजूने, बसलेल्या स्थितीतून उठताना आणि पायरी चढताना असे तुकडे टिपावेत. चालू असलेल्या सर्व औषधांची, तेलांची आणि पावडरींची नावे लिहून न्यावीत. शेजाऱ्यांनी सुचवलेल्या गोळीचाही त्यात उल्लेख असावा.

डॉक्टर प्रथम हातांनी सांधे व कणा तपासतात. त्यानंतर सामान्यतः रक्ततपासणी, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, गोचीड तापाची चाचणी आणि क्ष-किरण तपासणी होते. क्ष-किरणांत हाडे दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो, तो भूल देऊन करावा लागतो आणि खर्चिकही असतो. शस्त्रक्रिया करायची नाही असे आधीच ठरलेले असेल, तर केवळ कुतूहलापोटी वृद्ध कुत्र्याला एमआरआयची भूल द्यावी की नाही, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तेथीलच बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय या जुन्या संस्था आहेत. इतर ठिकाणी जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयात गुंतागुंतीच्या रुग्णांची तपासणी तुलनेने कमी खर्चात होऊ शकते.

घरात सर्वांत आधी कोणता बदल करावा?

फरशी. औषधांवर महिन्याला काही हजार रुपये खर्च करणाऱ्या घरांत कुत्रा मात्र दिवसभर आरशासारख्या चकचकीत टाइल्सवर घसरत असतो, हे दृश्य फार सर्रास दिसते. अशक्त पाय घसरला की कुत्रा स्वतःला सावरण्यासाठी मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू एकाएकी आवळतो. त्यातून स्नायू दुखावतात आणि भीती बसते. भीतीने चालणे कमी होते आणि चालणे कमी झाले की स्नायू आणखी रोडावतात. या चक्राचा पहिला दुवा तोडायला डॉक्टरांची गरज नाही.

संपूर्ण घर झाकण्याची आवश्यकता नसते. कुत्र्याची जागा, पाण्याचे भांडे, जेवणाची जागा, दार आणि तो ज्या खोलीत माणसांजवळ येऊन बसतो ती खोली, यांना जोडणारी पायवाट तयार करावी. त्यासाठी मागे रबर असलेल्या काथ्याच्या चटया, रबरी मॅट किंवा योगासनांसाठी मिळणाऱ्या मॅट उपयोगी पडतात. नुसती सतरंजी किंवा गोधडी फरशीवर टाकू नये, कारण ती कुत्र्यासकट सरकते. दोन मॅटमध्ये वीतभर जरी उघडी फरशी राहिली, तरी घाबरलेला कुत्रा तेथे अडून बसतो, म्हणून त्या एकमेकींना भिडवून ठेवाव्यात. ओली फरशी पुसली जात असताना त्याला एका खोलीत थांबवावे.

फरशीइतकेच पंजांकडे लक्ष द्यावे. नखे वाढलेली असली की पावलाची गादी जमिनीला नीट टेकत नाही, आणि बोटांच्या मधले केस वाढले की फरशीवर पकड राहत नाही. कमी चालणाऱ्या कुत्र्याची नखे झिजत नाहीत, म्हणून ती दर तीन-चार आठवड्यांनी कापावी लागतात. रबरी तळ असलेले मोजे काही कुत्र्यांना मानवतात, पण ते दिवसभर घालून ठेवू नयेत.

अंथरूण जाड, पण फार मऊ नसावे. खोल रुतणाऱ्या गादीतून उठणे कठीण जाते. जुन्या काथ्याच्या गादीचा तुकडा, त्यावर रेक्झिनचे आवरण आणि वर धुता येण्याजोगी गोधडी ही रचना स्वस्त आणि चांगली आहे. अन्नपाण्याची भांडी छातीच्या उंचीपर्यंत उचलून ठेवल्यास मान खाली घालताना तोल सांभाळण्याचा ताण कमी होतो.

वजन थोडेसेच जास्त आहे. त्याने खरोखर एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि गोळ्यांइतका पडतो. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक जोडीतील एका पिल्लाला दुसऱ्याच्या तुलनेत २५ टक्के कमी अन्न दिले गेले होते. कमी खाणारे कुत्रे सरासरीने जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांच्या सांध्यांची झीजही बरीच उशिरा सुरू झाली. आधीच लठ्ठ असलेल्या आणि लंगडणाऱ्या कुत्र्यांचे वजन ६ ते ८ टक्के उतरले तरी त्यांच्या चालण्यात सुधारणा दिसते. म्हणजे ३५ किलोच्या कुत्र्याचे दोन-अडीच किलो.

आपल्या घरांतली अडचण जेवणापेक्षा वरखाऊची आहे. दहा किलो वजनाच्या वृद्ध कुत्र्याला दिवसाला साधारण ५०० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक मध्यम पोळी सव्वाशेच्या आसपास असते, म्हणजे आजोबांनी प्रेमाने दिलेली एक पोळी त्याच्या दिवसाच्या आहाराचा चौथा हिस्सा होते. त्यावर सकाळच्या चहाबरोबरची बिस्किटे. कोणी किती दिले याचा हिशेब घरात कोणाकडेच नसतो, म्हणून दिवसाचा सगळा आहार सकाळीच एका डब्यात काढून ठेवावा आणि प्रत्येकाने त्यातूनच द्यावे. लाड करायचेच असतील तर काकडी, उकडलेली फरसबी, गाजर किंवा दुधी द्यावा. कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका मात्र कुत्र्यांना विषारी आहेत.

बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या न दाबता हाताला लागाव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसावी, ही योग्य वजनाची खूण. आठवड्याला एक-दोन टक्क्यांपेक्षा वेगाने वजन उतरवू नये. खाणे कमी करताना प्रथिने कमी करू नयेत. मूत्रपिंडांचा आजार नसेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला स्नायू टिकवण्यासाठी उकडलेले अंडे, कोंबडी किंवा मासळी यांची गरज उलट जास्त असते. केवळ दूधभातावर वाढलेल्या कुत्र्याच्या मांड्या लवकर वाळतात.

घरातली अंगदुखीची गोळी दिली तर चालेल का?

चालणार नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची जास्त मात्रा यकृताला आणि रक्तातील तांबड्या पेशींना घातक ठरते. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ही दोन-दोन औषधे एकत्र असतात, त्यामुळे ‘अर्धीच दिली’ या समजुतीला अर्थ उरत नाही. जाता जाता सांगायचे तर, जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये जी बंदी आली ती गिधाडे वाचवण्यासाठी होती, आणि त्याला पर्याय म्हणून पुढे आलेले मेलॉक्सिकॅम हेच कुत्र्यांच्या सांधेदुखीवरचे आपल्याकडील एक नेहमीचे औषध आहे.

मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही औषधे पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने देता येतात. ती जेवणानंतर द्यावीत. काळी, डांबरासारखी शी, उलट्या किंवा भूक मंदावणे दिसल्यास पुढची मात्रा न देता डॉक्टरांना कळवावे. खाजेसाठी किंवा अन्य कारणाने स्टेरॉइड चालू असेल तर ते अवश्य सांगावे, कारण दोन्ही एकत्र देणे धोक्याचे आहे. नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिनसारखे औषध जोडले जाते; त्याने सुरुवातीला गुंगी आणि थोडी डगमग वाढू शकते. दीर्घकाळ औषधे चालू असल्यास दर काही महिन्यांनी रक्ततपासणी करावी लागते.

कॅल्शियमचे औषध, हळद, तेलमालिश यांचा उपयोग होतो का?

कॅल्शियमची बाटली हा आपल्याकडचा फार जुना विश्वास आहे, परंतु सांध्यांची झीज ही कॅल्शियमच्या कमतरतेने होत नाही. संतुलित आहार असलेल्या वृद्ध कुत्र्याला ते देऊन पायांत बळ येत नाही. ग्लुकोसामाइनच्या परिणामाचे पुरावे क्षीण आहेत. त्याने सहसा अपाय होत नाही, इतकेच म्हणता येईल. माशाच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांचा मात्र सांधेदुखीत उपयोग दिसून आला आहे. जवसाचे तेल त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण जवसातील मेदाम्लाचे उपयुक्त रूपात रूपांतर करण्याची कुत्र्याच्या शरीराची क्षमता फार कमी असते. घरची जवसाची चटणी तर त्यातील लसणामुळे वर्ज्यच समजावी. कॉडच्या यकृताचे तेलही माशाच्या तेलाऐवजी देऊ नये, त्यातून अ आणि ड जीवनसत्त्वांचा अतिरेक होतो.

हळद चिमूटभर अन्नात घातली तर हरकत नाही, पण वेदनाशामकाऐवजी तिच्यावर विसंबून राहू नये. मालिश जरूर करावी, ती कोरड्या हाताने करावी. तेल लावले की कुत्रा ते चाटतो, आणि वेदनाशामक बाम, कापूर किंवा विंटरग्रीन असलेली तेले पोटात गेल्यास विषबाधा होते. दहा मिनिटे कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक, मग मांडीच्या स्नायूंवर हलका दाब, असे दिवसातून दोनदा केल्यास पुष्कळ कुत्र्यांना बरे वाटते. पिशवी प्रथम स्वतःच्या मनगटावर ठेवून पाहावी, कारण ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे तो भाजले तरी पाय काढून घेत नाही. गावाकडे पांगळ्या जनावराला तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा सल्ला अजूनही कोणीतरी देतो; तो निव्वळ छळ आहे.

त्याला चालवावे की विश्रांती द्यावी?

चकती नुकतीच सरकली असेल तर सक्तीची विश्रांती. बाकी जवळजवळ सर्व बाबतींत चालवावे, मात्र पद्धत बदलावी. सकाळी एकदाच पाऊण तास फिरवण्याऐवजी दहा-दहा मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या माराव्यात आणि सोमवार ते रविवार त्या सारख्याच ठेवाव्यात. आठवडाभर गॅलरीत आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी, हा क्रम सांध्यांना सर्वांत जास्त महागात पडतो. चाल संथ असावी, कारण हळू चालताना कुत्र्याला चारही पाय वापरावे लागतात; वेगात तो दुखरा पाय वर धरून तीन पायांवर निभावून नेतो. चेंडूमागे धावणे आणि उड्या मारणे बंद करावे. समुद्रकिनाऱ्यावर कोरड्या, भुसभुशीत वाळूऐवजी ओल्या, घट्ट वाळूवरून न्यावे.

घरी करता येण्याजोगा सर्वांत गुणकारी व्यायाम म्हणजे बसून उठणे. मॅटवर, भिंतीच्या कडेला उभे करून पाचेक वेळा बसवावे व उठवावे. जमिनीवर हातभर अंतराने आडव्या ठेवलेल्या केरसुण्यांच्या दांड्यांवरून हळूहळू चालवल्यास पाऊल उचलण्याची सवय टिकते. मोठ्या शहरांत पाण्यातल्या ट्रेडमिलची सोय असलेली केंद्रे आहेत. पाण्यामुळे शरीराचा भार हलका होतो आणि स्नायूंना मात्र काम मिळते. परवडत असेल आणि कुत्रा पाण्याला घाबरत नसेल, तर तो खर्च योग्य ठरतो.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर डांबरी रस्ता पंजे भाजण्याइतका तापतो. पावसाळ्यात चालणे अडले तर पार्किंगमध्ये किंवा व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात.

उठवताना आणि जिन्यावरून नेताना आधार कसा द्यावा?

पुढचे पाय धरून ओढू नये आणि शेपटीला धरून तर कधीच उचलू नये. जुन्या टॉवेलची किंवा सुती साडीची रुंद घडी मांड्यांच्या पुढे, पोटाच्या मागच्या भागाखालून घालून दोन्ही टोके वर धरावीत, आणि भार पेलायचा नसून केवळ तोल सावरायचा आहे हे ध्यानात ठेवावे. नराच्या बाबतीत लघवीची जागा दाबली जाणार नाही असे पाहावे. मागच्या अंगाला मूठ असलेले पट्टेही मिळतात. रोजच्या वापरासाठी ते अधिक सोयीचे, कारण माणसाची कंबरही वाचते. उचलून घ्यायचे असल्यास एक हात छातीखाली आणि दुसरा मांड्यांच्या मागून घेऊन पाठ आडवी ठेवावी. वीस किलोच्या वरच्या कुत्र्याला दोघांनी उचलावे.

जिना चढताना मागच्या पायांवर आणि उतरताना पुढच्या पायांवर भार येतो, आणि अशक्त कुत्रा बहुधा उतरतानाच कोसळतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी जिन्याच्या फेऱ्या कमी करून शौचासाठी गच्चीचा किंवा गॅलरीतल्या कृत्रिम हिरवळीचा पर्याय आधीपासूनच शिकवावा. पाय पूर्ण गेल्यावर नवी जागा शिकवणे जड जाते. लिफ्ट असूनही सोसायटी कुत्र्याला त्यात येऊ देत नसेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना सचिवांना दाखवाव्यात. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारणे त्यांत अमान्य केले आहे.

मज्जारज्जूचा ऱ्हास असल्याचे सांगितले आहे. पुढे काय होते?

डिजेनरेटिव्ह मायलोपथी या नावाने ओळखला जाणारा हा आजार जर्मन शेफर्ड, बॉक्सर आणि कॉर्गी या जातींत अधिक आढळतो आणि साधारणतः आठव्या वर्षानंतर सुरू होतो. तो दुखत नाही. सुरुवातीला एक पाय फरफटतो, मग दोन्ही, आणि मोठ्या कुत्र्यांत सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय निकामी होतात. पुढे पुढच्या पायांपर्यंत आणि श्वसनापर्यंत तो पोहोचतो. एसओडी-१ या जनुकातील दोषाची चाचणी करता येते, मात्र दोष असलेल्या प्रत्येक कुत्र्याला आजार होतोच असे नाही, त्यामुळे इतर कारणे वगळूनच निदानापर्यंत जावे लागते. आजार थांबवणारे औषध आज नाही. नियमित व्यायामाने चालण्याचे महिने वाढवता येतात. हा आजार असलेल्या कुत्र्याला वेदनाशामके देत राहण्याने काही साधत नाही, मात्र वृद्ध जर्मन शेफर्डला याच्या जोडीला खुब्याचे दुखणेही असू शकते आणि त्यावर उपचार व्हायलाच हवेत.

चाकांची गाडी कधी घ्यावी?

बहुतेक जण ती फार उशिरा घेतात. मागचे पाय डळमळत असले तरी पुढचे पाय व खांदे बळकट आहेत, कुत्र्याला बाहेर जाण्याची ओढ आहे, तेव्हाच सवय करावी. भारतातही मापाने बनवून देणारे कारागीर आणि विक्रेते आहेत. उंची, लांबी आणि मांड्यांमधील रुंदी उभ्या स्थितीत, आधार देऊन मोजावी, कारण अर्ध्या इंचाच्या चुकीनेही जांघेत घासून जखम होते. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी, गाडीत असताना कुत्र्याला एकटे सोडू नये आणि झोपण्यासाठी बाहेर काढावे. मानदुखी किंवा पुढच्या पायांची सांधेदुखी असलेल्या कुत्र्याला दोन चाकांची गाडी मानवत नाही.

घरातच शी-शू होऊ लागली आहे. काय करावे?

प्रथम हे ठरवावे की त्याला कळते पण वेळेत पोहोचता येत नाही, की कळतच नाही. पहिल्या प्रकारात दर चार तासांनी आणि जेवणानंतर लगेच आधार देऊन बाहेर नेले की बहुतेक प्रश्न सुटतो. दुसऱ्या प्रकारात लघवी पूर्ण न होता मूत्राशयात साचून संसर्ग होतो. पोट दाबून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकूनच करावी. लघवीला उग्र वास येऊ लागला किंवा ती गढूळ झाली तर तपासणी करून घ्यावी. त्याला रागावू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरी घरातील वडीलधाऱ्यांना ते एकदा समजावून सांगावे.

पडून राहणाऱ्या कुत्र्याची कूस दर चार तासांनी बदलावी. कोपरे, खुबे आणि घोटे येथे केस गळून त्वचा लाल झाली की ती जखमेची पूर्वसूचना असते. मांड्यांच्या आतले आणि शेपटीखालचे केस कापून ठेवावेत आणि लघवी लागलेली त्वचा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. लहान मुलांचा डायपर शेपटीसाठी भोक पाडून वापरता येतो, पण तो ओला राहू देऊ नये. आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ओल्या त्वचेवर माशा अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत जखमेत अळ्या होतात. जखमेत टर्पेंटाइन ओतण्याचा जुना उपाय त्वचा भाजून काढतो. अळ्या दिसताच डॉक्टरांकडे न्यावे. दारे-खिडक्यांना जाळी आणि कुत्र्याच्या अंगावरून वाहणारा पंख्याचा वारा यांनी माशा बऱ्याच दूर राहतात.

शांतपणे निरोप देण्याचा विचार कधी करावा?

मागचे पाय गेले एवढ्यावरून हा निर्णय घेऊ नये. पाय नसलेला पण आवडीने खाणारा, माणसे आली की डोळे उजळणारा कुत्रा पुष्कळ काळ समाधानाने जगतो. वेदना औषधांनी आटोक्यात येत नाही, खाणे सुटले आहे, जखमा भरत नाहीत, श्वास घेणे जड झाले आहे, आणि बऱ्या दिवसांपेक्षा वाईट दिवसांची संख्या वाढली आहे, असे दिसू लागले की डॉक्टरांशी बोलावे. कॅलेंडरवर रोज एक खूण करत गेल्यास हा हिशेब भावनेच्या भरात चुकत नाही. सांभाळणाऱ्याची झोप, पाठ आणि पैसा यांनाही या निर्णयात स्थान आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पशुवैद्यक शिरेतून भुलीचे औषध जास्त मात्रेत देऊन हे करतात. अनेक जण विनंती केल्यास घरी येतात. घरातील मुलांना ‘झोपवले’ असे सांगण्यापेक्षा खरे सांगावे.

सोसायटीच्या आवारातील म्हाताऱ्या भटक्या कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडत आहेत. आम्ही काय करू शकतो?

प्रथम त्याच्या लसीकरणाची चौकशी करावी. रेबीजच्या एका प्रकारात कुत्रा पिसाळत नाही. त्याचे मागचे पाय लुळे पडतात, मग खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो आणि काही दिवसांत तो मरतो. लस झालेली आहे की नाही हे माहीत नसलेल्या कुत्र्याचे पाय दोन-चार दिवसांत झपाट्याने गेले असतील तर त्याच्या तोंडात हात घालू नये, गोळी भरवू नये, आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला किंवा स्थानिक प्राणिमित्र संस्थेला बोलवावे.

दरवर्षी लस टोचलेला, महिनोन्‌महिने हळूहळू अशक्त होत गेलेला ओळखीचा कुत्रा असेल तर चित्र वेगळे आहे. त्यालाही वर सांगितलेले बहुतेक सर्व लागू पडते. रखवालदाराच्या खोलीजवळ पावसापासून आडोसा, पोत्यात भुसा भरून केलेले अंथरूण, वाहनांच्या वळणापासून दूर ठेवलेले पाणी आणि अन्नातून देता येणारे वेदनाशामक, एवढ्यावर असे कुत्रे बरीच वर्षे काढतात. गाडी सुरू करण्यापूर्वी चाकांखाली पाहण्याची सूचना पार्किंगमध्ये लावावी, कारण हाक ऐकून झटकन उठणे त्याला आता जमत नाही. औषध देण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीवर ठेवावी, नाहीतर तीन घरांतून तीन गोळ्या जातात. आणि ज्याच्या लसीची खात्री नाही अशा कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला, ओरखडा काढला किंवा त्याची लाळ उघड्या जखमेला लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी.